मतदारसंघांच्या नव्या रेषा आणि आपले पाडे

(आपल्या वार्षिक सहायक मेळाव्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण वसतिगृहातल्या मुलांचे निकाल ऐकता, दवाखान्याच्या गाडीचा हिशेब ऐकता, नव्या विहिरीला पाणी लागले की नाही ते विचारता. यंदा मला दिलेला विषय आहे मतदारसंघांच्या पुनर्रचनेवरून संसदेत चाललेला वाद. विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलेच, की मिशनच्या मेळाव्यात हे राजकारण कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, मत कोणाला द्यावे याविषयी मी एक शब्दही बोलणार नाही. आपली संस्था कोणत्याही पक्षाची नाही आणि ती तशीच राहावी. पण पाड्यावरचा रस्ता, आश्रमशाळेची इमारत, वनहक्काचा अडकलेला दावा, रेशनचा धान्यकोटा ही कामे घेऊन आपले कार्यकर्ते ज्याच्या दारात जातात तो आमदार असतो. तो दार उघडतो की नाही, हे पुष्कळदा त्याला त्या पाड्याच्या मतांची गरज आहे की नाही यावर ठरते. आणि ती गरज नकाशावरच्या रेषेवर ठरते. एवढ्यासाठी हा विषय.

आता मूळ गोष्ट थोडक्यात. लोकसंख्या बदलते, म्हणून दर जनगणनेनंतर कोणत्या राज्याला किती खासदार आणि कोणत्या मतदारसंघाची हद्द कुठवर, हे नव्याने ठरवावे असे आपली राज्यघटना सांगते. यासाठी संसद कायदा करते, आयोग नेमला जातो. सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाबरोबर बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. आयोग कच्चा आराखडा छापतो, लोकांच्या हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि शेवटचा आदेश काढतो. तो आदेश लोकसभेपुढे व विधानसभेपुढे ठेवतात खरा, पण सभागृहाला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. म्हणजे बोलायचे ते आधी बोलावे लागते.

राज्यांच्या खासदारांची संख्या मात्र १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने ती २००१ पर्यंत गोठवली. कारण असे दिले गेले की जी राज्ये कुटुंबनियोजन नीट राबवतील त्यांच्या जागा घटू नयेत. २००१ साली ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत आणखी वाढवली. २०२६ नंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जागा आहेत तशाच. आता जनगणना जाहीर झाली आहे, तिचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे गोठलेले पाणी सुटण्याची वेळ आली.

म्हणून संसदेत एवढा गदारोळ. मार्च महिन्यात द्रमुकचे खासदार न्याय्य पुनर्रचनेची मागणी छापलेले टी-शर्ट घालून सभागृहात आले आणि त्यावरून लोकसभेचे कामकाज तहकूब झाले. २२ मार्चला चेन्नईत तामिळनाडू, केरळ, तेलंगणा आणि पंजाबचे मुख्यमंत्री एकत्र बसले आणि ही गोठवणूक आणखी पंचवीस वर्षे चालू ठेवा असा ठराव त्यांनी केला. त्याआधी कोइमतूरला गृहमंत्री अमित शाह यांनी दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही असे सांगितले होते. पण न घटणे आणि वाटा टिकणे यांत फरक आहे, असे दक्षिणेचे म्हणणे. इतरांच्या जागा वाढल्या आणि आमच्या तेवढ्याच राहिल्या, तर सभागृहात आमचा आवाज आपोआप लहान होतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बिहारमध्ये एका खासदारामागे सुमारे २६ लाख माणसे, केरळात १७ लाखांहूनही कमी. एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, हे तत्त्व मानले तर बिहारच्या शेतमजुराचे मत केरळच्या शेतमजुराच्या मतापेक्षा हलके का असावे? याला सरळ उत्तर नाही. २०२३ सालच्या महिला आरक्षणाच्या कायद्याचेही घोडे इथेच अडले आहे. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी तो मंजूर झाला, राज्यसभेत विरोधात एकही मत नव्हते. पण अंमल कधी? तर नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेनंतर. तो लगेच का लागू करत नाही, म्हणून विरोधकांनी तेव्हा सरकारला धारेवर धरले होते. आदिवासींसाठी राखीव जागांतल्याही एक तृतीयांश जागा त्या कायद्याने स्त्रियांना मिळायच्या आहेत. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलींचा त्यात वाटा आहे, हे विसरू नये.

हा सगळा वाद वर्तमानपत्रांत उत्तर विरुद्ध दक्षिण असा छापून येतो. मी गेले वर्षभर तो वाचत आलो. त्यात आदिवासी हा शब्द शोधावा लागतो.

राज्यघटनेच्या ३३० व ३३२ या कलमांनी अनुसूचित जमातींना लोकसभेत आणि विधानसभांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या आहेत. लोकसभेच्या ५४३ पैकी ४७ जागा त्यांच्या. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ पैकी २५, आणि लोकसभेच्या चार: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. या जागा कायमच्या नाहीत. संसद दर दहा वर्षांनी त्यांची मुदत वाढवत आली आहे आणि सध्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. घटना समितीत आदिवासींच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेले जयपाल सिंह मुंडा हे रांचीच्या सेंट पॉल्स या मिशनच्या शाळेतले विद्यार्थी. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या भारतीय संघाचे कप्तान तेच होते. मिशनच्या शाळा काय करतात असे कोणी विचारले तर हे एक नाव सांगावे, म्हणून मुद्दाम घेतले.

आता त्यांच्याच झारखंडात काय झाले ते नीट ऐका, कारण माझ्या बोलण्याचा गाभा तिथे आहे.

झारखंडच्या विधानसभेत ८१ जागा, त्यांतल्या २८ आदिवासींसाठी राखीव. लोकसभेच्या १४ पैकी ५. हा हिशेब १९७१ च्या जनगणनेवरचा. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर नवा हिशेब मांडला. राज्यांच्या एकूण जागा गोठलेल्या होत्या, पण राज्याच्या आतल्या सीमा आणि राखीव जागा बदलायच्या होत्या. २००१ साली झारखंडात आदिवासी होते २६.३ टक्के. ८१ चे २६ टक्के काढा. २८ जागा एकवीस-बावीसवर येतात. लोकसभेच्या पाचांतली एक जाते.

गणित बरोबर आहे. प्रश्न असा की २६ टक्के झाले कसे? १९५१ साली त्याच भूभागात दर तिघांत एकाहून अधिक माणूस आदिवासी होता. नंतर काय झाले ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. झरियाचा कोळसा, जमशेदपूरचे पोलाद, बोकारोचा कारखाना, रांचीचा अवजड यंत्रांचा कारखाना, दामोदरवरची धरणे. या कामांवर देशभरातून माणसे आली आणि तिथेच राहिली. त्यांचा यात काही दोष नाही, पोटासाठी माणूस जातोच. पण ज्यांची जमीन गेली ते उठले आणि निघाले. काही त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळात, आसामच्या चहामळ्यांत नेले गेले होते. आणि इथे एक गोष्ट अशी आहे की ती प्रथम कळली तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली. आसामात गेलेल्या मुंडा आणि उरांव लोकांना आसामात अनुसूचित जमात म्हणून मान्यता नाही. सूची राज्याराज्याची वेगळी. म्हणजे झारखंडात ते मोजले जात नाहीत कारण ते तिथे नाहीत, आणि आसामात आदिवासी म्हणून मोजले जात नाहीत कारण तिथल्या सूचीत त्यांचे नाव नाही.

आयोगाचा आदेश २००७ साली निघाला. झारखंडात मोठा विरोध झाला. शेवटी जानेवारी २००८ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला, पुढे संसदेने पुनर्रचना कायद्यात दुरुस्ती करून एक कलम घातले: झारखंडापुरता आयोगाचा आदेश निष्प्रभ, जुनेच मतदारसंघ आणि जुन्याच राखीव जागा चालू राहतील. आयोगाच्या आदेशात काना-मात्रा बदलता येत नाही असे मी मघाशी म्हणालो. पण संसदेने मनावर घेतले तर कायदाच बदलता येतो, हे झारखंडाने दाखवले.

त्या कलमात मुदत किती घातली आहे? २०२६ पर्यंत. म्हणजे पुढचे वर्ष.

काही जण म्हणतील, २६ टक्के लोकांकडे ३४ टक्क्यांहून अधिक जागा हा इतरांवर अन्याय नाही का? बिहारच्या शेतमजुराच्या मताविषयी मी वर जे बोललो तेच इथे का लावत नाही? मला असे वाटते की तामिळनाडूचा युक्तिवाद आणि झारखंडच्या आदिवासीचा युक्तिवाद आतून एकच आहे. तामिळनाडू म्हणते, देशाच्या धोरणाप्रमाणे आम्ही वागलो, आमची संख्या त्या धोरणामुळे तुलनेने कमी झाली, तर त्याची शिक्षा आम्हाला नको. संसदेने हे म्हणणे पन्नास वर्षे मान्य केले आहे. झारखंडचा आदिवासी म्हणतो, देशाला पोलाद आणि वीज हवी होती, त्यासाठी आमच्या जमिनी घेतल्या, आमच्या गावात आम्हीच थोडे झालो, तर त्याची शिक्षा आम्हाला नको. पहिले म्हणणे मांडायला मुख्यमंत्री आहेत. दुसरे म्हणणे मांडायला एका राज्याचे थोडे आमदार आणि खासदार, आणि त्यांच्याच जागा कमी व्हायच्या आहेत. उत्तर-दक्षिणेची तडजोड दिल्लीत एखाद्या रात्री होईलही. तीत हे दुसरे म्हणणे कागदावर येईल का, याची मला काळजी आहे.

झारखंड आपल्यापासून लांब आहे, तेव्हा आता घराजवळ येऊ.

महाराष्ट्रात मागच्या पुनर्रचनेत आदिवासींच्या विधानसभेच्या राखीव जागा २२ वरून २५ झाल्या आणि लोकसभेच्या चारच राहिल्या. याचा आनंद आहे. पण त्या जागा कुठे आहेत ते पाहा. बोईसर राखीव आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत तिथे, आणि मतदारसंघात वसई तालुक्याचाही काही भाग येतो. भिवंडी ग्रामीण राखीव आहे. भिवंडीची गोदामे आपण महामार्गावरून पाहतच असाल, जिथे भातशेती होती तिथे आता पत्र्याच्या छपरांचे मैलभर रांगोळे उभे आहेत. पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. हे मतदारसंघ २००१ च्या आकड्यांवर आखलेले. पुढची आखणी २०२७ च्या आकड्यांवर झाली तर मध्ये सव्वीस वर्षांचे अंतर पडेल, आणि त्या सव्वीस वर्षांत इथे कोण आले आणि कोण निघाले, हे आपल्या ठाण्या-पालघरच्या कार्यकर्त्यांना विचारा. झारखंडात पन्नास वर्षांत जे झाले ते या पट्ट्यात त्याच्या निम्म्या काळात होत आहे. नियम असा आहे की आदिवासींच्या राखीव जागा शक्यतो जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तिथे द्यायच्या. राज्यातला त्यांचा एकूण वाटा कायम राहिला तरी एखादी जागा इथून उठून दुसरीकडे जाऊ शकते. बोईसरच्या पाड्यांना नंदुरबारच्या आमदाराचा काय उपयोग?

याच नियमाची दुसरी बाजू रायगडात दिसते. रायगड जिल्ह्यात आदिवासी दहा टक्क्यांहून अधिक आहेत, कातकरी आणि ठाकर मुख्यतः. जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा, राखीव एकही नाही. कारण कातकरी एके ठिकाणी दाट राहत नाही. गावाच्या कडेला दहा घरे, दुसऱ्या गावाच्या कडेला पंधरा. नकाशावर रेषा कशीही ओढा, प्रत्येक मतदारसंघात तो शेपटालाच. केंद्र सरकारच्या यादीत कातकरी ही विशेष असुरक्षित आदिम जमात आहे, म्हणजे सर्वांत मागे राहिलेल्यांपैकी. आणि दाट वस्तीला जागा देणारा नियम नेमका त्यालाच वगळतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत कायदा राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत पसरवा असे सांगतो. विखुरलेल्या जमातींसाठी तशी सोय का नसावी, हा प्रश्न आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणीतरी उभे राहून विचारला पाहिजे. उत्तर कदाचित मिळणार नाही, पण प्रश्न नोंदला जाईल.

गोव्याच्या मंडळ्यांतून आलेले बंधू मागे बसले आहेत, त्यांच्या राज्याची गोष्ट तर अजब आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावे अनुसूचित जमातींच्या सूचीत आली जानेवारी २००३ मध्ये. जनगणना झाली होती २००१ ला. त्या जनगणनेत सबंध गोव्यात अनुसूचित जमातीची माणसे किती? ५६६. आयोगाने २००१ चे आकडे धरले आणि ४० पैकी शून्य जागा दिल्या. २०११ च्या जनगणनेत तोच आकडा झाला १,४९,२७५, म्हणजे राज्याच्या दहा टक्क्यांहून थोडा वर. ही दीड लाख माणसे दहा वर्षांत जन्मली नव्हती. ती केपे, सांगे, काणकोण आणि फोंड्याच्या गावांत पूर्वीपासून होतीच, हिंदू होती आणि ख्रिस्तीही होती. फक्त सूचीत नाव यायचे होते. त्याच गोव्यात अनुसूचित जातीची माणसे सुमारे २५ हजार, आणि त्यांना पेडण्याची एक जागा आहे. ती असलीच पाहिजे. पण दीड लाखांना एकही नाही, याचा अर्थ कसा लावायचा? आपल्या हक्कांच्या मागण्यांसाठी गोव्यातल्या आदिवासींनी बाळ्ळी येथे मे २०११ मध्ये आंदोलन केले. त्या दिवशी दोन तरुण आगीत जळून मरण पावले. त्यांची आठवण या ठिकाणी व्हावी.

लोकसभेत गोव्यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये मांडले गेले. ते मंजूर व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. दोन्ही सभागृहांत तेव्हा बिहारच्या मतदार यादीच्या फेरतपासणीवरून वादळ उठले होते, आणि त्या गदारोळातच ११ ऑगस्टला राज्यसभेनेही त्याला मंजुरी दिली. सूचीत उशिरा आलेल्या जमातींची लोकसंख्या जनगणना आयुक्तांनी ठरवावी आणि निवडणूक आयोगाने त्याप्रमाणे जागा राखाव्यात, असे तो कायदा सांगतो. प्रमाण धरले तर चाळीसांत चार जागा होतात. सूचीत नाव आल्यापासून हा कायदा होईपर्यंत बावीस वर्षे गेली.

पवित्र शास्त्रातले गणनेचे पुस्तक आपण फारसे वाचत नाही, नावांच्या याद्यांना कंटाळतो. पण मवाबाच्या मैदानातली ती मोजणी पाहा. आधी वंशावार माणसे मोजली आणि त्या संख्येवर पुढे जमिनीची वाटणी ठरली, मोठ्या वंशाला मोठा वाटा. आणि लगेच पुढच्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता, म्हणून वाटणीत त्याचे नावच उरत नव्हते. त्या बोलल्या म्हणून नियम बदलला. मोजणी आणि वाटणी यांच्या मध्ये बोलायला जागा असते, असे मी त्यातून घेतो. आपल्यापुढे तोच काळ आहे.

तेव्हा आपण काय करायचे? संसदेत आपण जाणार नाही. पण जनगणनेच्या कामात आपल्याला हात घालता येतो, आणि तो आपल्या आवाक्यातला भाग आहे.

माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. फेब्रुवारीत आपली कातकरी कुटुंबे कुठे असतात? वाडीवर म्हातारी माणसे आणि कुत्री. बाकी सगळी वीटभट्टीवर. दिवाळीच्या आधी उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. नंदुरबारची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत. मोजणीच्या सबंध काळात जो घरी नसतो त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची असते. कागदावर हे ठीक आहे. भट्टीवर मात्र प्रगणक येतो तो मालकाच्या कचेरीत, आणि मुकादम माणसे सांगतो. किती माणसे हे तो सांगेल. जमात कोणती, हे त्याला काय ठाऊक आणि काय पडले आहे? मुलांची संख्या तर मजुरीच्या हिशेबात येतच नाही.

म्हणून तीन गोष्टी आपल्या लोकांना आतापासून सांगायला हव्यात. जमातीचे नाव नेमके सांगायचे: कातकरी, ठाकर, वारली, महादेव कोळी. नुसते 'आदिवासी' म्हणून थांबायचे नाही, आणि पाड्यावरचे टोपणनाव किंवा आडनाव जातीच्या रकान्यात जाऊ द्यायचे नाही. जनगणनेत जातीचा दाखला दाखवावा लागत नाही. ही दुसरी गोष्ट अगदी ठासून सांगा, कारण आपल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे दाखला नाही आणि ती कागदाच्या भीतीने गप्प राहतात. तिसरी आपल्या मंडळ्यांतल्या आदिवासी कुटुंबांसाठी. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला ती आहे, जमातीला नाही. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिले म्हणून जमातीचा रकाना रिकामा ठेवू नका. ख्रिस्ती झालेल्यांची नावे जमातींच्या सूचीतून काढावीत अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य झालेली नाही. पण भीतीने आपणच आपले नाव गाळले, तर त्या मागणीचे काम आपणच करून दिल्यासारखे होईल. आणि त्या गाळलेल्या नावांमुळे सगळ्याच जमातीचा आकडा घटतो, हिंदू भावकीचाही.

पुनर्रचना आयोग नेमला गेला की कच्चा आराखडा प्रसिद्ध होईल. तेव्हा कोणत्या पाड्यांची नावे कोणत्या मतदारसंघात गेली आहेत हे तालुक्याच्या नकाशावर तपासायला माणसे लागतील. आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत, निवडणुकीच्या कामाला गेलेले पुष्कळ जण आहेत. यांच्याइतके हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. हरकतीचा अर्ज मुदतीत आणि लेखी गेला पाहिजे. जाहीर सुनावणीला पाड्यावरची माणसे स्वतः गेली पाहिजेत. आपण गाडीची सोय करायची आणि मागे बसायचे. आदिवासींच्या वतीने मिशनवाले बोलले असे होऊ नये. तसे झाले तर ऐकणारे ऐकणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

वीटभट्ट्यांच्या कामाला मात्र आत्ताच लागावे लागेल. कर्जत, खालापूर, शहापूर आणि भिवंडीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वाड्यांतली कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर जातात याची यादी या हंगामात करायची आहे, म्हणजे पुढच्या हंगामात मोजणीच्या दिवसांत त्या त्या भट्टीवर आपला एक तरी माणूस पोचेल. भट्ट्या पुष्कळ आहेत आणि आपली माणसे थोडी. ज्या मंडळ्यांच्या जवळपास भट्ट्या आहेत त्यांनी आपली नावे चहाच्या वेळी कार्यालयाच्या टेबलावर द्यावीत. मोटारसायकल असलेले तरुण विशेष हवे आहेत.